कार्बन नॅनोट्यूबची पावडर हाताळताना: एन-९५ पुरतो का, आणि त्याआधी काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारं, इपॉक्सी कोटिंग बनतं. त्यासाठी मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अनेक थरांच्या, केसाहून कितीतरी बारीक नळ्यांची, पावडर एक किलोच्या पिशव्यांतून येते. आठवड्यातून दोन-तीनदा वीस किलोच्या बॅचसाठी शंभर ग्रॅम पावडर टेबलावर तोलून रेझिनमध्ये टाकतात. चार कामगार आहेत, तोंडाला एन-९५, भिंतीवर एक एक्झॉस्ट फॅन. असं आठ महिने चाललंय. आता कुणीतरी म्हणालं, 'हे अॅस्बेस्टॉससारखं आहे.' मास्क पुरेल का? काम बंद करावं का?

काम कायमचं बंद करायची गरज नाही. पण उघड्या टेबलावर पिशवी उघडणं आजच बंद करा, आणि मास्कचा विचार सगळ्यात शेवटी करा. तुमच्याकडचा जवळजवळ सगळा धोका पावडर कोरडी आणि उघडी असते त्या दहा-पंधरा मिनिटांत आहे. रेझिनमध्ये भिजलेली ट्यूब हवेत उडत नाही. म्हणून सगळी मेहनत त्या मिनिटांवर घ्यायची.

अॅस्बेस्टॉस म्हणजे श्वासातून गेल्यावर कर्करोग करणारा खनिज तंतू. त्याच्याशी तुलना उगाच झालेली नाही, पण ती सगळ्या नॅनोट्यूबना सारखी लागू होत नाही. २००८ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत वेगवेगळ्या मल्टिवॉल ट्यूब टोचून पाहिल्या. लांब आणि ताठ ट्यूबनी अॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी केल्या. आखूड किंवा गुंता झालेल्या ट्यूबनी तशा केल्या नाहीत. याचं कारण आपल्या फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशींत आहे. मॅक्रोफेज ही पेशी कण गिळून बाहेर काढते. तिच्यापेक्षा लांब, न वाकणारा तंतू आला की तो अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो. पेशीला तो गिळताही येत नाही आणि सोडताही येत नाही. ती दाहक रसायनं सोडत राहते. तंतू विरघळत नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं चालतं.

पुढे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, 'एमडब्ल्यूसीएनटी-७' या एका विशिष्ट जपानी प्रकाराला २बी गटात टाकलं. अर्थ, माणसात कर्करोग करण्याची शक्यता आहे. बाकीच्या मल्टिवॉल आणि सिंगलवॉल (एकाच थराच्या) ट्यूब गट ३ मध्ये गेल्या. गट ३ म्हणजे 'ठरवण्याइतका पुरावा नाही', पुरवठादार त्याचा अर्थ 'सुरक्षित' असा सांगतात तो चूक आहे. २०१६ मध्ये जपानमध्येच, दोन वर्षं ही एमडब्ल्यूसीएनटी-७ श्वासातून दिलेल्या उंदरांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला.

माणसांमध्ये नॅनोट्यूबमुळे कर्करोग झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही. पण अॅस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, वीस-चाळीस वर्षांनी दिसतो, आणि नॅनोट्यूब कारखान्यात मोठ्या प्रमाणावर येऊन तेवढा काळ झालेला नाही. हे काम करणाऱ्या कामगारांच्या थुंकीत ट्यूब सापडल्या आहेत. थांबून बघू म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही.

तुमच्याकडची ट्यूब कोणती, ते आधी पुरवठादाराला लेखी विचारा: सरासरी व्यास, लांबी, धातूचं प्रमाण, बल्क डेन्सिटी (एक लिटर पावडरीचं वजन). कोटिंगसाठी सहसा दहा नॅनोमीटरच्या आसपास व्यासाची, गुंता झालेली ट्यूब विकली जाते. ती लोकरीच्या गुंडाळ्यासारखी गोळा होते. व्यास पन्नास नॅनोमीटरच्या वर आणि लांबी पाच मायक्रॉनच्या वर असेल तर ती ताठ, सुईसारखी ट्यूब समजा. अँटिस्टॅटिक कोटिंगला ती लागत नाही, बदलून घ्या. गुंतलेली आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. अशाच ट्यूबवर उंदरांच्या ९० दिवसांच्या श्वसन चाचण्या झाल्या आहेत, आणि दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही फुफ्फुसात सूज दिसली आहे. धातूचा आकडा विचारायचा कारण ट्यूब वाढवताना लोखंड, कोबाल्ट, निकेल हे कॅटॅलिस्ट वापरतात आणि त्यांचा अंश पावडरीत उरतो. कोबाल्ट-निकेल स्वतःच घातक आहेत.

पुरवठादार मालाबरोबर देतो ती सुरक्षेची माहितीपत्रिका, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, वाचताना आठव्या कलमात एक सापळा असतो. बऱ्याच शीटमध्ये नॅनोट्यूबसाठी ग्राफाइटची मर्यादा छापलेली असते: श्वसनयोग्य धूळ, दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आहे. म्हणजे शीटवरचा आकडा पाच हजार पट सैल आहे. हा १ मायक्रोग्रॅमसुद्धा 'इथवर काही होत नाही' असा नाही. तेव्हाच्या पद्धतीनं खात्रीनं मोजता येणारी सर्वांत छोटी पातळी म्हणून तो ठरला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादांच्या यादीत, अॅस्बेस्टॉस होतं, नॅनोट्यूबचं नाव नव्हतं. तेव्हा इन्स्पेक्टरनं काही विचारलं नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं धरू नका.

१ मायक्रोग्रॅम किती, हे डोळ्यांसमोर यावं म्हणून हिशोब करू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर. त्या सगळ्या हवेत ३४ मायक्रोग्रॅम पावडर पसरली की पातळी १ वर गेली. स्वयंपाकघरातल्या मिठाचा एक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. अर्धा दाणा! आणि तुम्ही तोलता शंभर ग्रॅम. मर्यादा आठ तासांच्या सरासरीची आहे, खोलीची हवाही बदलत असते, हे खरं. तरी उघड्या टेबलावर काम का चालणार नाही ते यावरून कळावं.

आता उपाय. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कोरडी पावडर गाळ्यात येऊच न देणं. इपॉक्सीमध्ये आधीच मुरवलेलं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे लिक्विड मास्टरबॅच, बाजारात मिळतं. पाच टक्क्यांचं घेतलंत तर वीस किलोच्या बॅचला २ किलो मास्टरबॅच आणि १८ किलो रेझिन. ट्यूब तेवढीच, शंभर ग्रॅम. किलोला महाग पडतं हे मान्य. पण खाली लिहिलेली बंद पेटी, हेपा फिल्टर (अतिबारीक धूळ अडवणारा), व्हॅक्यूम, कचऱ्याचा खर्च आणि पावडर रेझिनमध्ये एकसारखी न मिसळल्यामुळे फुकट जाणाऱ्या बॅचेस यांची बेरीज करून मग तुलना करा. तीन-चार कामगारांच्या युनिटला माझा सल्ला हाच राहील. तेही न जमल्यास निदान दाणेदार किंवा गोळी स्वरूपातली पावडर मागा; ती कमी उडते.

पावडरच वापरायची असेल तर तोलणं बंद पेटीत गेलं पाहिजे. पिशवी उघडताना नेमकं काय होतं ते पाहा. ही पावडर इतकी हलकी असते की एक किलो म्हणजे आंघोळीच्या बादलीच्या निम्म्याहून जास्त, दहा लिटरच्या आसपास. आतली प्लॅस्टिकची पिशवी उघडली की काळी पूड तिच्या भिंतींना स्थिर विजेनं चिकटलेली दिसते. कामगार ती पाडायला पिशवीवर टिचक्या मारतो. नंतर रबर लावायला पिशवी दाबतो आणि आतली हवा भसकन बाहेर येते, थेट त्याच्या नाकाच्या उंचीवर. पावडर चमच्यानं काढताना जेवढी उडते त्याहून जास्त या दोन क्षणांत उडते. रिकामी पिशवी घडी करून कचऱ्यात कोंबणं हा तिसरा क्षण.

पेटी साधी चालेल: अॅक्रिलिकची, पुढे हात घालायला फट, मागून हेपा फिल्टरमधून हवा ओढणारा पंखा. फटीपाशी हवेचा वेग सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर ठेवा. जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षा, असं वाटतं पण तसं नाही. जोराच्या झोतानं आत भोवरे होतात, पावडर उडते आणि हाताच्या बाजूनं बाहेर येते. फटीपाशी उदबत्ती धरून बघा, धूर सगळीकडून शांतपणे आत गेला पाहिजे. ही चाचणी सॉल्व्हंट आणि पावडर आणण्याआधी, रिकाम्या पेटीवर करायची. त्या वेळी छताचा पंखा बंद, आणि एसीचा झोत पेटीकडे येत नाही ना, तेही बघा. लॅमिनार फ्लो कॅबिनेट यासाठी मुळीच वापरू नका. त्यातली हवा आतून तुमच्या तोंडाकडे येते. ते मालाला धुळीपासून वाचवायला बनवलेलं आहे, माणसाला वाचवायला नाही. तुमचा भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅनही काढून टाका किंवा त्या कामापुरता बंद ठेवा. तो पावडर कामगाराच्या चेहऱ्यावरून ओढत शेजारच्या गाळ्याकडे सोडतो.

पेटीत काम असं चालावं. आधी तळाला साबणपाण्यानं ओलसर केलेला टिश्यू अंथरा. तोलायचं भांडं झाकणासह आत ठेवा; शक्यतो ज्या भांड्यात मिसळणार तेच, स्टीलचं, अर्थिंग केलेलं. कचऱ्याची झिपवाली पिशवीही आधीच आत. मग मूळ पिशवी आत नेऊन उघडा, स्टीलच्या चमच्यानं पावडर भांड्यात तळाशी ठेवा. उंचावरून ओतू नका, टिचक्या मारू नका. वजन झालं की त्याच ठिकाणी थोडं रेझिन भांड्याच्या कडेनं हळूहळू सोडा आणि पावडर पूर्ण काळी-ओली होईपर्यंत चमच्यानं दाबत कालवा. पावडर पेटीत जाते, बाहेर येताना लेप होऊन आली पाहिजे. मूळ पिशवी न दाबता बंद करा, बाहेरून ओल्या कपड्यानं पुसा, दुसऱ्या पिशवीत घाला. दोन-तीन मिनिटं हात आतच राहू द्या. वरचे हातमोजे आतच काढून कचऱ्याच्या पिशवीत टाका. म्हणून नायट्रिलचे हातमोजे दुहेरी घालायचे.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा अॅसिटोनसारखं सॉल्व्हंट वापरत असाल तर क्रम महत्त्वाचा आहे. सॉल्व्हंट असलेल्या भांड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावडर कधीही झटकू नका. त्या पिशवीवर साठलेल्या स्थिर विजेची एक ठिणगी सॉल्व्हंटची वाफ पेटवायला पुरते. आधी पावडर, मग अर्थ केलेल्या डब्यातून सॉल्व्हंट. एकट्या मल्टिवॉल पावडरीची धूळ पेटायला बरीच ऊर्जा लागते, पण हवेत दाट ढग झाला तर तिचाही स्फोट होऊ शकतो.

मध्येच लाइट गेली तर पेटीचा पंखा बंद पडतो आणि हवा उलटी येऊ लागते. हात न हलवता भांड्यावर झाकण ठेवा, फट ओल्या कपड्यानं झाका, बाजूला व्हा. लाइट आल्यावर पंखा पाच मिनिटं चालू द्या, मगच पुढचं काम. वीज कंपनीच्या शटडाऊनच्या दिवशी तोलायचं काम लावूच नका.

हाय-स्पीड डिस्पर्सरवर, म्हणजे वेगानं ढवळणाऱ्या मिक्सरवर, झाकण हवं आणि सुरुवात कमी वेगानं. न भिजलेली पावडर भोवऱ्याच्या कडेनं वर फेकली जाते. सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी मिसळणारं यंत्र) वापरत असाल तर तोही बंद खोक्यात, कारण त्यातून बारीक थेंबांचा फवारा उडतो. हे थेंब वाळले की पुन्हा पावडर होते, आणि हीच गोष्ट लोक विसरतात. मिक्सरच्या दांड्यावर, भांड्याच्या काठावर, दाराच्या कडीवर वाळलेले काळे डाग रोजच्या रोज पुसा. ही पूड वीजवाहक आहे. स्विचबोर्डात, पॅनेलमध्ये, तोलकाट्याच्या सर्किटमध्ये गेली तर शॉर्ट करते. पॅनेल तोलण्याच्या जागेपासून दूर आणि दरवाजे सीलबंद ठेवा.

मग मास्क. 'नॅनो कण आहेत, एन-९५ मधून आरपार जातील' ही भीती चुकीची आहे. मास्क चाळणीसारखा काम करत नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि धाग्यांना जाऊन चिकटतात. निसटायला सर्वांत सोपा असतो तो ०.१ ते ०.३ मायक्रॉनचा मधला कण, आणि एन-९५ ची चाचणी त्याच आकाराच्या आसपास होते. शिवाय हवेतल्या नॅनोट्यूब बहुतेक गुच्छांत असतात. गळती होते ती कडेनं. कानाला अडकवायच्या इलॅस्टिकचा मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. दोन पट्टे डोक्यामागून जाणारा घ्या, आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. दाढी असेल तर कुठलाच नीट बसत नाही. तुमच्या कामाला रबरी हाफ मास्क आणि पी-१०० फिल्टर मी सुचवेन. धुता येतो आणि नीट बसतो. नीट बसला तरी हाफ मास्कवर दहा पटीच्या संरक्षणाचाच भरवसा ठेवतात. म्हणजे हवेत १० मायक्रोग्रॅमच्या वर पातळी गेली तर तो कमी पडतो, म्हणून पेटी आधी. रेझिन-हार्डनरची किंवा सॉल्व्हंटची वाफ धुळीचा फिल्टर अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज जोडीला लागतं.

अंगावर सुती एप्रन नको, त्याच्या विणीत पूड अडकते. न विणलेला डिस्पोजेबल कव्हरऑल घ्या. मे महिन्यात नवी मुंबईच्या दमट उकाड्यात तो घालून कुणी तासभर टिकणार नाही, म्हणून तोलायचं काम सकाळी पहिल्या तासात, वीस मिनिटांत संपेल असं लावा. घामानं हैराण माणूस मास्क खाली ओढतो, आणि तो त्याचा दोष नसतो. कपडे घरी धुवायला नेऊ देऊ नका. अॅस्बेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या त्यांच्या बायकांना मेसोथेलिओमा झाला, हे जगानं पाहिलेलं आहे. चहा, तंबाखू, डबा त्या खोलीच्या बाहेर.

कोटिंग सुकल्यावर ट्यूब रेझिनमध्ये पक्की बसते. फरशीवर चालल्यानं काही होत नाही. घासताना मात्र धूळ निघते, मुख्यतः रेझिनचे कण, काहींतून ट्यूबची टोकं बाहेर आलेली. वॉटर पेपरनं ओलं घासा, किंवा ग्राइंडरला कव्हर आणि हेपा व्हॅक्यूम जोडा. सुकं घासणं, झाडू मारणं, कॉम्प्रेस्ड हवेनं अंग किंवा मशीन उडवणं, तिन्ही बंद.

पावडर सांडली तर पहिलं काम म्हणजे सगळे पंखे बंद करून माणसं बाहेर काढणं. अर्धा तास थांबा. मग मास्क लावून, कडेकडून मध्याकडे, ओल्या कपड्यानं पुसा. नुसतं पाणी चालत नाही. ही पूड पाण्याला धरत नाही. पाण्याच्या थेंबावर तरंगते आणि थेंब घरंगळला की सुकीच राहते. बादलीत भांड्यांच्या लिक्विड सोपची एक धार टाका, मग ती भिजते. कापड पिळू नका, घडी घालून थेट पिशवीत टाका. घरगुती व्हॅक्यूम क्लिनर, 'हेपा टाइप' लिहिलेलासुद्धा, वापरू नका. कडेनं गळतो आणि वीजवाहक पूड मोटरमध्ये जाते.

पुसायचं पाणी मोरीत सोडू नका, ते सीईटीपीच्या, म्हणजे एमआयडीसीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, गाळात आणि तिथून खाडीकडे जाणार. पिशव्या, हातमोजे, टिश्यू, वापरलेले फिल्टर दुहेरी जाड पिशवीत, झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. घातक कचरा म्हणूनच तो महापे किंवा तळोज्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात गेला पाहिजे. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ऑथरायझेशन, ड्रमवर नमुना ८ चं लेबल आणि पाठवताना नमुना १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंदपत्रिका) लागतं. साठवणुकीची मुदत ९० दिवस. भंगारवाल्याला रिकाम्या पिशव्या देऊ नका, आणि गाळ्यामागे जाळू तर अजिबात नका. उघड्या आगीत रेझिन आधी जळतं आणि मागे ट्यूबची मोकळी जाळी राहते.

हवा मोजून घ्यायची असेल तर ऑनलाइन मिळणारा पीएम २.५ चा मीटर इथे काहीच सांगत नाही. योग्य पद्धत म्हणजे कामगाराच्या कॉलरला क्वार्ट्झ फिल्टर लावून एलिमेंटल कार्बन, म्हणजे मूलद्रव्य रूपातला कार्बन, मोजणं, नायॉशची ५०४० क्रमांकाची पद्धत. अडचण ही की डिझेलचा धूरही एलिमेंटल कार्बनच असतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रकांमुळे गाळ्याबाहेरच्या हवेतच १ मायक्रोग्रॅमहून जास्त सहज निघेल. म्हणून त्याच वेळी बाहेर एक फिल्टर लावायचा आणि तो आकडा वजा करायचा, शिवाय एक फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहून ट्यूब खरंच आहेत का ते तपासायचं. लॅबला काम देण्याआधी हे तिन्ही करतात का, ते विचारा. नसतील करत तर तो पैसा पेटीवर खर्च करा.

राहिले मागचे आठ महिने. त्यासाठी कुठलं औषध नाही आणि चार कामगारांना घाबरवून सोडण्यातही अर्थ नाही. चौघांची नावं, कुणी किती वेळा आणि किती ग्रॅम तोललं, ट्यूबचा ग्रेड आणि बॅच नंबर असं एका वहीत आजच लिहून काढा आणि पुढेही चालू ठेवा; वीस वर्षांनी डॉक्टरला हेच लागेल आणि तेव्हा कुणाला आठवणार नाही. प्रत्येकाची एक स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजण्याची चाचणी) आणि छातीचा एक्स-रे आता करून घ्या, व्यावसायिक आरोग्याचं शिक्षण झालेल्या डॉक्टरकडून. त्यात काही निघेल म्हणून नाही, तर पुढच्या तपासण्यांची तुलना कशाशी करायची ते हाताशी असावं म्हणून. एखाद्याला आधीपासून दमा किंवा जुना टीबी असेल तर त्याला तोलण्याच्या कामावरून दुसरीकडे हलवा, पगार न कापता. रिपोर्टची एक प्रत त्या कामगाराच्या हातात द्या, कारण तो उद्या दुसऱ्या गाळ्यात कामाला जाईल आणि ती फाइल तुमच्या कपाटात राहून जाईल.